उकळते पाणी आणि चार-बाय-दोनची चिंधी : प्रस्तावना

ली-एन्फिल्ड रायफलीच्या दस्त्याला मागून पितळी पत्रा बसवलेला असतो आणि त्या पत्र्यात एक लहानसे झाकण असते. झाकण उघडले की लाकडात कोरलेली पोकळी दिसते. तिच्यात दोन वस्तू राहतात. एक तेलाची पितळी कुपी आणि दुसरी गुंडाळून ठेवलेली जाड दोरी, म्हणजे पुलथ्रू. दोरीच्या एका टोकाला पितळेचे वजन, दुसऱ्या टोकाकडे तीन फासे. वजनाच्या बाजूने पहिल्या फाशात तारेची जाळी अडकवायची, मधल्यात फ्लॅनेलची चार इंच लांब आणि दोन इंच रुंद चिंधी. तिसरा फासा नळीत अडकलेली दोरी उलट ओढून काढण्यासाठी. एवढ्या सामानावर ब्रिटिश साम्राज्याने दोन महायुद्धे लढवली असे म्हटले, तर तोफखान्यातले लोक रागावतील. पायदळातला मात्र कोणी हरकत घेणार नाही.

रायफलींवर पुस्तके पुष्कळ आहेत. त्यांत मॉडेलांच्या पिढ्या असतात, कारखान्यांचे आकडे असतात, पल्ला आणि अचूकतेची वर्णने असतात. कारखान्याच्या दारातून बाहेर पडलेली रायफल पुढे आपोआप चालतच राहते, असे ही पुस्तके धरून चालतात. आघाडीवर तसे होत नाही. चिखल, धूळ, पाऊस, घाम, दारूची राख आणि खुद्द तिच्याच काडतुसातले क्षार तिला रोज थोडे थोडे निकामी करत असतात आणि रोज कोणीतरी बसून तिला पुन्हा कामाची करतो. हा कोणीतरी इतिहासात फारसा येत नाही, कारण त्याचे काम नीट झाले की सांगण्यासारखे काहीच घडत नाही. गोळी सुटते, एवढेच. या पुस्तकाचा विषय ते काम आहे.

उदाहरण म्हणून मी मुख्यतः .३०३ बोअरची, १९०७ साली स्वीकारलेली मार्क थ्री ही आखूड ली-एन्फिल्ड निवडली आहे. ती जगातली सर्वोत्तम रायफल होती की जर्मन माउझर तिच्याहून सरस, या वादात मला रस नाही. निवडण्याचे कारण साधे आहे. हिंदी शिपायाच्या खांद्यावर हीच रायफल सर्वांत जास्त काळ होती. फ्लँडर्सच्या खंदकांपासून आपल्या पोलीस ठाण्यांपर्यंत ती पोचली, आणि इतक्या वेगवेगळ्या हवामानांत एकाच हत्याराची निगा कशी राखली गेली हे पाहायचे असेल, तर याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

सुरुवात नळीपासून करावी लागते, कारण सगळा झगडा तिथेच आहे. त्या काळच्या काडतुसाच्या बुडाशी जी टोपी असे, तिच्यातल्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. घोडा पडला की ते भडकते, कॉर्डाइट ही दारू पेटवते, आणि स्वतः जळून पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीत बसते. हा मिठाचाच सख्खा भाऊ. कोकणातल्या स्वयंपाकघरात आषाढात मिठाच्या बरणीचे जे होते तेच या क्षाराचे नळीत होते : दमट हवेतून तो पाणी ओढून घेतो आणि ओला होऊन पोलादावर बसून राहतो. वरून कितीही तेल चोळा. क्षार तेलात विरघळत नाही. तेलाच्या चकचकीत थराखाली गंजाचे काम निवांत चालू राहते. शिपाई संध्याकाळी नळी आरशासारखी करून झोपतो आणि चार दिवसांनी आत बघतो तर तांबूस ठिपके!

यावर उपाय होता पाणी, तेही उकळते. गोळीबार झाल्यावर बोल्ट काढायचा, नळीच्या मागच्या तोंडात नरसाळे बसवायचे आणि पाच-सहा पाइंट, म्हणजे तीनएक लिटर, उकळते पाणी आरपार ओतायचे. पाण्यात क्षार विरघळून निघून जातो, तापलेले पोलाद आपले आपणच सुकते, मग कोरडी चिंधी आणि शेवटी तेलाची चिंधी. गंमत अशी की हे का करायचे याची जी कारणमीमांसा तेव्हा शिकवली जात होती ती चुकीची होती. गोळीबाराच्या उष्णतेने पोलादाची छिद्रे उघडतात, कॉर्डाइटची घाण त्यांत शिरते, नळी गार झाली की कोंडली जाते आणि पुढचे काही दिवस घामासारखी बाहेर पाझरत राहते, अशी समजूत होती. म्हणून एकदा साफ करून भागत नाही, पुढचे काही दिवस रोज चिंधी फिरवावी लागते, असा नियम. खरा गुन्हेगार टोपीतला क्षार आहे, हे अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्समधील हफ या संशोधकाने १९२२ साली पुराव्यानिशी मांडले. तोवर पहिले महायुद्ध संपून चार वर्षे झाली होती. लक्षावधी शिपाई चुकीच्या सिद्धांतावर उभा असलेला बरोबर नियम पाळत आले होते. पलटणीतल्या नियमांबद्दल थोडा आदर वाटावा अशी ही गोष्ट आहे. थोडाच, कारण उरलेले कित्येक नियम निव्वळ कवायतीच्या हौसेने केलेले होते.

पुलथ्रू वापरण्याच्या पद्धतीतही असेच शहाणपण साठले होते. वजन मागून सोडायचे आणि दोरी पुढच्या तोंडातून सरळ रेषेत, एका दमात ओढायची. जरा तिरकी ओढली की दोरी नळीच्या तोंडाच्या कडेवर घासते. सुती दोरी पोलादाला काय करणार, असे वाटते. पण दोरीला चिकटलेली वाळू करवतीचे काम करते, आणि महिनोन्‌महिने रोज घासून कडेला खोबण पडते. गोळी नळीतून बाहेर पडताना शेवटचा स्पर्श त्या कडेचा. तिथे खोबण पडली की नेम बिघडला, आणि तो कोणत्याही तेलाने सुधारत नाही. तारेच्या जाळीवर तर बंधनच असे. गंज घट्ट बसला असेल तरच आणि वरिष्ठाच्या परवानगीने ती वापरायची, कारण जाळी गंजाबरोबर पोलादही खरवडते. म्हणजे अस्वच्छतेने जितक्या नळ्या वाया गेल्या, त्यांच्या जोडीला अतिस्वच्छतेने वाया गेलेल्याही मोजाव्या लागतील. तपासणीला येणारा अधिकारी बोल्ट उघडलेल्या रायफलीत अंगठ्याचे नख धरून त्यावरून उजेड आत परतवतो आणि नळीच्या तोंडातून पाहतो. त्याला चकाकी दिसली की शिपाई सुटला. चकाकी कशाने आली, हे तो विचारत नाही.

सप्टेंबर १९१४च्या अखेरीस हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन फ्रान्समधल्या मार्सेयला उतरली तेव्हा हिंदी पलटणींना तिथेच नव्या धाटणीच्या रायफली आणि नवी मार्क सेव्हन काडतुसे देण्यात आली. हत्याराची ओळख व्हायच्या आत हे लोक आघाडीवर गेले. ऑक्टोबर संपता संपता ते ईप्रपासून नव्ह शापेलपर्यंत पसरले होते. २८ ऑक्टोबरला नव्ह शापेल गावावर जो हल्ला झाला, त्यात ४७ व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्या होत्या. मराठी माणसे असलेले हे दल खरे तर पूल बांधणारे, सुरुंग लावणारे. त्या दिवशी ते पायदळासारखे संगिनी लावून गल्लीबोळांतून लढले आणि त्यांचे जवळपास सगळे अधिकारी पडले.

फ्लँडर्सचा चिखल हा निगेच्या इतिहासातला स्वतंत्र अध्याय आहे. तिथली जमीन चिकण आणि पाण्याची पातळी वर, त्यामुळे खंदक खणला की पाणी लागे. रायफल भिंतीला टेकवली तरी चिखल, हातात घेऊन सरपटले तरी चिखल. बोल्टच्या खाचांत तो सुकला की खटका, म्हणजे बोल्टची यंत्रणा, हलत नसे. मग फावड्याच्या दांड्याने किंवा बुटाच्या टाचेने ठोकून तो उघडायचा. यावर कॅनव्हासची आच्छादने आली. बटणे लावून ती खटक्याभोवती गुंडाळायची आणि वेळ आली की एका झटक्यात ओढून काढायची. ती मिळेपर्यंत शिपायांनी मोजे गुंडाळले, पायपट्ट्या गुंडाळल्या. नळीच्या तोंडालाही टोपण लावत. पण घाईत ते काढायचे राहून गोळी झाडली तर नळी फुटे. चिखलाचा बोळा आत गेलेला असला तरी तेच. जखमी माणूस कुठे पडला आहे हे कळावे म्हणून त्याची रायफल संगिनीच्या टोकावर जमिनीत उलटी रोवून ठेवत. रणांगणावरून अशा गोळा केलेल्या रायफली मागच्या आयुध कार्यशाळांत येत. तिथे त्या सुट्या करून, धुऊन, मोजून, नव्या भागांसह पुन्हा आघाडीकडे रवाना होत. एकच रायफल तीन-चार मृतांच्या हातून जाणे ही त्या युद्धातली असाधारण गोष्ट नव्हती.

पहाटेच्या ‘स्टँड-टू’नंतर, म्हणजे हल्ल्याच्या अपेक्षेने सगळे सज्ज उभे राहत त्या वेळेनंतर, उजाडले की सफाई सुरू होई, पण सगळ्यांची एकदम नाही. काहीजण बोल्ट काढून बसलेले असताना उरलेले रायफल भरून उभे. सगळ्या रायफली एकाच वेळी सुट्या झालेल्या खंदकावर हल्ला आला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. २२ एप्रिल १९१५ला ईप्रला जर्मनांनी क्लोरीन सोडला आणि या दिनचर्येत एक नवे काम वाढले. वायूचा ढग गेल्यावर माणूस वाचला तरी धातू हिरवट काळा पडू लागे. काडतुसे ताबडतोब पुसली नाहीत आणि रायफल पुसून तिला तेल लावले नाही तर दुसऱ्या दिवशी खटका जड.

त्याच लढाईत कॅनडाच्या रॉस रायफलीची कथा घडली. निगेचा विचार करणाऱ्याने ती कधी विसरू नये. नेमबाजीच्या मैदानावर रॉस ली-एन्फिल्डला मागे टाकत असे. तिचा बोल्ट फिरवावा लागत नसे, सरळ मागे ओढायचा. काडतूस बसते ती कोठी घट्ट, मापे काटेकोर. ईप्रच्या चिखलात, वेगवेगळ्या कारखान्यांतल्या थोड्याफार कमीजास्त मापाच्या काडतुसांसह, भरभर गोळीबार करताना ती तापली आणि अडकली. माणसे बोल्टवर लाथा मारत होती. त्या लढाईतून वाचलेल्या सुमारे पाच हजार कॅनेडियनांपैकी चौदाशेहून अधिक जणांनी रॉस फेकून मेलेल्या ब्रिटिशांच्या ली-एन्फिल्ड उचलल्या होत्या. कॅनडाचे युद्धमंत्री सॅम ह्यूज तरीही रॉसची बाजू लढवत राहिले. १९१६मध्ये ती पायदळातून गेली आणि त्याच वर्षी ह्यूजही गेले. रॉस उरली ती लपून नेम धरणाऱ्यांकडे, कारण ते एकेक गोळी निवडून पुसून झाडत. ली-एन्फिल्डची कोठी मुद्दाम सैल होती. मैदानावर जो दोष, तोच खंदकात गुण. चांगली निगा वाईट बेतलेल्या हत्याराला काही दिवस तगवते, पण निगेला वेळच मिळणार नाही असा दिवस युद्धात येतोच. हत्यार त्या दिवसासाठी बेतावे लागते.

१९१५ सरता सरता हिंदी पायदळ फ्रान्समधून मेसोपोटेमियाकडे निघाले आणि चिखलातून धुळीत गेले. तिथे सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन आधीपासून होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी. टायग्रिसच्या काठची धूळ पिठासारखी बारीक. फ्रान्सहून आलेल्या शिपायाला तेल सढळ हाताने लावायची सवय लागलेली. तीच इथे अंगाशी येई. तेल धूळ धरून ठेवते आणि दोहोंची मिळून खटक्यात खरडपट्टी सुरू होते. म्हणून वाळवंटातला नियम उलटा : साफ करा, तेलाचे बोट फिरवा आणि तेही पुसून टाका. पुढे १९४०-४२मध्ये उत्तर आफ्रिकेत हाच धडा नव्या पिढीला नव्याने गिरवावा लागला. काडतुसांना तर तेल कधीच लावायचे नाही, हा नियम सर्वत्र. तेलकट पुंगळी कोठीच्या भिंतीला पकड घेत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो.

कुत-अल-अमाराच्या वेढ्यात, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, पुणे डिव्हिजन जवळपास पाच महिने अडकली. वेढ्याबद्दल लिहिणारे उपासमारीबद्दल लिहितात, ते योग्यच आहे. शरणागतीपूर्वी तोफा फोडल्या गेल्या आणि दारूगोळा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून नष्ट केला गेला. पाच महिने ज्याची राखण केली ते स्वतःच्या हातांनी मोडण्याचा हुकूम! त्या सकाळी शिपायांना काय वाटले असेल, याची नोंद मात्र फारशी कोणी केली नाही.

शिपायाच्या पलीकडची कामे आर्मररची, म्हणजे हत्यारे दुरुस्त करणाऱ्या कारागिराची. प्रत्येक पलटणीत एक, त्याच्याकडे पेटी, पेटीत मापण्या. बोल्टचे डोके आणि नळीचे बूड यांच्यातले अंतर एका ठरावीक मापाच्या आत असावे लागते. वाढले तर पुंगळी फाटून तापलेला वायू मागे तोंडावर येतो. हे अंतर प्रत्येक रायफलीत हाताने जुळवलेले, म्हणून बोल्टवर आणि रायफलीवर एकच क्रमांक कोरलेला. सफाईच्या वेळी आठ-दहा जण गोल करून बसले आणि बोल्ट एका घोंगडीवर एकत्र ठेवले, की अदलाबदल ठरलेली. नवशिक्याला पहिला दम याच गोष्टीवरून भरला जाई. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली ब्रिटनमध्ये आणि १९४३ साली हिंदुस्थानात, दुरुस्तीची ही सगळी कामे एकत्र करून यांत्रिकी व विद्युत अभियंत्यांचे वेगळे दल उभे राहिले. आजचे आपले ईएमई ते हेच. रणगाडे आणि रडारच्या जमान्यात आर्मरर त्या दलाच्या एका कोपऱ्यात गेला. पण पायदळाला रडारपेक्षा त्याची गरज अधिक वेळा पडली.

ब्रह्मदेशाची मोहीम ही निगेच्या दृष्टीने सर्वांत कठीण. पावसाळ्यात उघडी राहिलेली रायफल एका रात्रीत तांबूस पडते, लाकूड फुगते, फुगलेले लाकूड नळीला ढकलते आणि काल जुळवलेला नेम आज चुकतो. चामड्याला बुरशी, पट्ट्यांना कुज. रायफलीला जे तेल कित्येक वर्षे दिले जात होते त्याचे नाव रंगून ऑईल. आणि एप्रिल १९४२मध्ये माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनी ब्रह्मदेशातल्याच येनानज्याऊंच्या तेलविहिरी स्वतःच उद्ध्वस्त केल्या. मार्च १९४४मध्ये मणिपूरच्या डोंगरात सांगशाक इथे ५०व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण वेढली गेली. डोंगरमाथा खडकाळ, खंदक धड खणता येत नव्हते, पाण्याची भयंकर टंचाई आणि विमानांतून टाकलेले सामान बरेचसे जपान्यांच्या हाती पडत होते. २६ मार्चपर्यंत हा वेढा चालला. तीन लिटर उकळते पाणी नळीत ओता म्हणणारी पुस्तिका अशा ठिकाणी वाचून बघावी. पिण्यालाच पाणी नाही तिथे रायफलीच्या वाट्याला चिंधी आणि असेल तर तेल, एवढेच.

समोरच्या जपानी शिपायाचा प्रश्न त्याच्या कारखान्याने थोडा सोडवला होता. टाइप ९९ आरिसाका रायफलीच्या नळीला आतून क्रोमचा मुलामा असे. क्रोमला क्षार खात नाही. युद्ध हरत आल्यावर जपानने काटकसरीत हा मुलामा सोडून दिला. आणि नवल म्हणजे, वीस वर्षांनी त्याच प्रकारच्या जंगलात उतरताना अमेरिकेनेही तो घातला नाही. व्हिएतनाममध्ये १९६५नंतर आलेल्या एम-१६ रायफलीच्या कोठीला सुरुवातीला क्रोम नव्हता. काडतुसातली दारू बदलली होती, आणि हिला साफसफाई फारशी लागतच नाही अशा समजुतीने सफाईचे साहित्यही पुरेसे दिले नव्हते. रिकामी पुंगळी कोठीत अडकून सैनिक मेले. आधी बोट दाखवले गेले सैनिकांकडेच, की तुम्ही हत्यार नीट ठेवत नाही. १९६७च्या संसदीय चौकशीने, म्हणजे आयकॉर्ड समितीने, दारू बदलण्याच्या निर्णयावर आणि लष्कराच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. याच सुमारास क्रोम आला, साहित्य आले, आणि विल आयस्नर या नामवंत चित्रकाराने काढलेली चित्रकथेच्या रूपातली निगेची पुस्तिका सैनिकांच्या हाती पडली. निगेचा दोष हा वरच्यांना देता येणारा सर्वांत स्वस्त दोष आहे. या पुस्तकात जिथे जिथे ‘शिपायाच्या निष्काळजीपणामुळे’ असे शब्द जुन्या अहवालांतून येतील, तिथे वाचकाने जरा थांबून शंका घ्यावी.

थंडीबद्दल थोडक्यात. गोठणबिंदूच्या खाली तेल घट्ट होते, खटका सुस्त होतो. म्हणून रायफल जवळजवळ कोरडी ठेवायची. ती उबदार तंबूत नेली की तिच्यावर दव धरते आणि बाहेर आणली की त्या दवाचा बर्फ होतो. म्हणून ती बाहेरच ठेवायची. १९६२ साली लडाखमध्ये आणि नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, आपले जवान हीच .३०३ घेऊन उभे होते. त्या युद्धानंतर ईशापूरच्या कारखान्याने तिचा ७.६२ मिलिमीटरचा अवतार काढला. ईशापूरकरांनी लाकूड आपल्या हवेत तडकू नये म्हणून दस्त्याच्या पुढच्या भागात आडवा स्क्रू घालण्याची युक्ती केली होती, ती आजही जगभरचे अभ्यासक लगेच ओळखतात. काडतुसे बनवणाऱ्यांत आपली खडकीही होती. तिथल्या पुंगळ्यांच्या बुडावर के. एफ. ही अक्षरे असत.

सैन्यातून निवृत्त झालेली .३०३ पोलिसांकडे गेली आणि तिथे ती अर्धशतकाहून अधिक राहिली. २६ नोव्हेंबर २००८ला मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर आपल्या पोलिसांच्या हाती काय होते, ते सगळ्यांनी पाहिले. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२०च्या प्रजासत्ताक दिनी. एनसीसीच्या मुलांनी कवायत केली ती नळीला भोक पाडून निकामी केलेल्या ‘डीपी’ रायफलींवर. खंडेनवमीला आणि दसऱ्याला या सगळ्या हत्यारांना हळदकुंकू वाहिले गेले, झेंडूच्या माळा घातल्या गेल्या. त्याला माझी ना नाही. फक्त उरलेल्या दिवसांचे काय, हे विचारले पाहिजे. पूजेच्या आदल्या दिवशी घासलेल्या नळीत वर्षभराचा गंज मावतो.

आता यातल्या काही रायफली संग्रहालयांत आहेत, आणि तिथे निगेचा अर्थ उलटा होतो. शिपाई घासत होता ते खुणा पुसण्यासाठी. जतन करणाऱ्याला नेमक्या खुणाच राखायच्या असतात. जुन्या ली-एन्फिल्डच्या दस्त्यावर पितळेची गोल चकती असे आणि तिच्यावर पलटणीचे नाव व रायफलीचा क्रमांक कोरलेला असे. काचेच्या कपाटात ती उठून दिसावी म्हणून दर महिन्याला ब्रासो लावला गेला आणि काही वर्षांत अक्षरे गुळगुळीत झाली. आता ती रायफल कुणाची, ते कोणीच सांगू शकत नाही. लाकडाला सँडपेपर मारून वॉर्निश चढवले की तपासनिसांचे शिक्के जातात. आर्मररने तडकलेल्या जागी बसवलेला लाकडाचा तुकडा, नळीच्या तोंडाशी दोरीने पडलेली खोबण, कारखान्यात पूर्ण दुरुस्ती झाल्याची एफटीआर ही मोहोर, या गोष्टी म्हणजे त्या रायफलीचे सर्व्हिस बुकच. त्या बुजवणे म्हणजे पुरावा नष्ट करणे. हातमोजे घालावेत, कारण घामातही क्षार असतात.  धातूला संग्रहालयात वापरतात ते तटस्थ मेण. खोलीची हवा दमट नको. याहून जास्त करू नये.

फ्रान्सच्या शेतांत नांगराला अजून गंजलेल्या रायफली लागतात. जमिनीतून काढलेले लोखंड वर आल्यावर काही महिन्यांत पापुद्रे सोडून फुटू लागते, कारण मातीतले क्लोराइड त्याच्या आत खोल शिरलेले असते. संवर्धक ते लोखंड अल्कधर्मी द्रावणात कित्येक आठवडे, कधी महिने बुडवून ठेवतात आणि द्रावण बदलत राहतात, क्षार बाहेर येईपर्यंत. शंभर वर्षांपूर्वीच्या शिपायाने नरसाळ्यातून ओतलेल्या पाण्याचे काम आणि प्रयोगशाळेतल्या या द्रावणाचे काम एकच आहे.

पुढच्या प्रकरणांत मी इंग्रजी पुस्तिका, पलटणींचे प्रकाशित इतिहास आणि संग्रहालयांतल्या वस्तू यांचा आधार घेतला आहे. त्यांत एक मोठी उणीव वाचकाला जाणवेल, आणि ती खरी आहे : लिहिणारे बहुतेक अधिकारी आहेत, घासणारे बहुतेक गप्प. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगडातल्या कित्येक घरांत पहिल्या-दुसऱ्या महायुद्धातल्या माणसांच्या ट्रंका अजून असतील. त्यांत रायफल असणार नाही, नसावीही; .३०३ हा आपल्याकडे निषिद्ध बोअर आहे, आणि तसे हत्यार किंवा जिवंत काडतूस सापडले तर थेट पोलीस ठाण्यात कळवावे. पण तेलाची कुपी, पुलथ्रू, पे-बुक, आर्मररची मापणी किंवा मोडी-देवनागरीत लिहिलेली नोंदवही सापडू शकते. सापडली तर कृपा करून घासू नका, ब्रासो लावू नका, भंगारात देऊ नका. फोटो काढा, कोणाची होती ते कागदावर लिहून ठेवा आणि बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला किंवा जवळच्या संग्रहालयाला कळवा. आणि ज्यांनी स्वतः पलटणीत आर्मररकी केली असे माजी सैनिक ओळखीचे असतील, तर त्यांच्याशी बोलून ते काम कसे चालायचे ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. हे काम लवकर करायला हवे.